राहायचं कुठे? (डिस्नेलँडच्या कुंपणाबाहेरचा इतिहास)

मागच्या रविवारी सकाळी पोह्यांची बशी हातात घेतली आणि सॅन होजेहून मावसभावाचा फोन आला. पठ्ठ्या वर्षभरापूर्वीच तिकडे गेलाय. आता मावशी आणि काका पहिल्यांदा अमेरिकेला जाणार, तेव्हा त्यांना घेऊन डिस्नेलँडला जायचा बेत आहे. "दादा, तू तिकडे राहिलायस ना? मी एक स्प्रेडशीट पाठवलंय, जरा बघून सांग ना कुठे राहू ते."

स्प्रेडशीट उघडलं. आमच्या जमातीला शोभेल असंच होतं. अकरा कॉलम, त्यातले तीन रंगीत. खाली तीन पर्याय: पार्कच्या मालकीचं हॉटेल (महाग), रस्त्यापलीकडचं मोटेल (मध्यम), आणि पंधरा मैलांवरचं एक चांगलं नवंकोरं हॉटेल (सगळ्यात स्वस्त, वर ब्रेकफास्ट फुकट). आणि शेवटच्या कॉलममध्ये फॉर्म्युला लावून त्याने तिसरा पर्याय हिरवा केला होता.

मी म्हटलं, दुपारपर्यंत कळवतो. पण मग बसल्या बसल्या विचार करायला लागलो की मुळात हे तीन पर्याय आले कुठून? पार्क एका कंपनीचा आणि त्याच्या दारातली मोटेलं दुसऱ्याच कुणाची, असं का? आणि ऑर्लँडोला, त्याच कंपनीच्या दुसऱ्या पार्कला, असं अजिबात का नाही? उत्तर शोधताना रविवार संपला. तर मंडळी, या वीकेंडचा लेख त्यावरच.

सुरुवात थोडी मागून करू. मोटेल हा शब्दच मुळी कॅलिफोर्नियाचा. १९२५ साली आर्थर हाइनमन नावाच्या आर्किटेक्टने सॅन लुईस ओबिस्पो या गावात 'माइलस्टोन मो-टेल' सुरू केलं. मोटर आणि हॉटेल या दोन शब्दांची संधी, बाकी काही नाही. लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या साधारण मध्यावरचं हे गाव, कारण त्या काळच्या गाड्यांना हे अंतर एका दिवसात झेपत नसे. भाडं रात्रीला सव्वा डॉलर. (माझा मावसभाऊ १०१ हायवेने गेला तर याच गावातून जाणार आहे. तिथे चहाला थांब असं सांगितलंय.)

दुसरी गोष्ट १९५१ सालची. मेम्फिसचा केमन्स विल्सन नावाचा बिल्डर बायको आणि पाच मुलांना घेऊन गाडीने वॉशिंग्टनला निघाला. वाटेतल्या प्रत्येक मोटेलात मुलांचे माणशी दोन डॉलर जास्तीचे मागायला लागले. पाच मुलं म्हणजे रात्रीचे दहा डॉलर वरचे! गृहस्थ असा काही भडकला की परत आल्यावर त्याने स्वतःच मोटेल काढायचं ठरवलं, आणि त्यात नियम केला की आईवडिलांच्या खोलीतल्या मुलांचे पैसे घ्यायचे नाहीत. १९५२ साली मेम्फिसला पहिलं 'हॉलिडे इन' उघडलं. आज आपण बुकिंग करताना 'किड्स स्टे फ्री' बघून खूश होतो ना, त्याच्यामागे एका बापाचा हा राग आहे.

म्हणजे १९५० च्या आसपासचं चित्र असं: गाड्या स्वस्त झाल्यात, हायवे बांधले जातायत, महायुद्धानंतर जन्मलेली पोरं मोठी होतायत, आणि मध्यमवर्गीय कुटुंब सुट्टीला बाहेर पडायला लागलंय. याच सुमारास वॉल्ट डिस्नेच्या डोक्यात पार्कचं खूळ शिरलं.

खूळच म्हणायचं, कारण त्याच्या सख्ख्या भावाला, म्हणजे कंपनीचे पैसे सांभाळणाऱ्या रॉयलाही सुरुवातीला ते पटत नव्हतं. वॉल्टने आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलं. (आपल्याकडे घरातल्या कुणी एलआयसीवर कर्ज काढून झोपाळे आणि चक्र बांधायला घेतली असती तर काय झालं असतं, कल्पना करा!) १९५३ साली त्याने स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या हॅरिसन प्राइस यांना जागा शोधायचं काम दिलं. लोकसंख्या कुठल्या दिशेने सरकतेय, हवा कशी आहे, नवा फ्रीवे कुठून जाणार, असा सगळा हिशेब करून त्यांनी बोट ठेवलं ते ॲनाहाइमवर. संत्र्यांच्या बागा, शेजारून सँटा ॲना फ्रीवे होऊ घातलेला. १९५० च्या जनगणनेत गावाची वस्ती साडेचौदा हजार. म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गावच.

डिस्नेने १६० एकर घेतले. त्यात पार्क आणि गाड्या लावायला जागा, संपलं. जास्त जमिनीला पैसेच नव्हते. पार्कला एकूण खर्च आला सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर, आणि तोही जमवला एबीसी या टीव्ही कंपनीला भागीदार करून. त्यांनी ५ लाख डॉलर घातले, कर्जाला हमी दिली, आणि बदल्यात वॉल्टने त्यांच्यासाठी दर आठवड्याला टीव्हीवर कार्यक्रम करायचा. १९५४ च्या जुलैमध्ये काम सुरू, १७ जुलै १९५५ ला उद्घाटन. एका वर्षात! आमची साधी पेरोल सिस्टिम चौदा महिने चालली होती. असो.

आता प्रश्न आला की माणसं येणार, पण राहणार कुठे? गावात खोल्या अगदी मोजक्या. वॉल्टकडे हॉटेलला पैसे उरले नव्हते. मग त्याने गाठलं जॅक रॅदरला. हा तेलाच्या धंद्यातून टीव्हीत आलेला निर्माता, 'लोन रेंजर' ही त्याची मालिका. रॅदरने जमीन भाड्याने घेऊन पार्कच्या शेजारी स्वतःच्या पैशांनी हॉटेल बांधलं. ते ५ ऑक्टोबर १९५५ ला उघडलं, आणि त्याला नाव मिळालं 'डिस्नेलँड हॉटेल'. करार असा लांब मुदतीचा की नाव डिस्नेचं, गल्ला रॅदरचा. १९६१ मध्ये डिस्नेची मोनोरेलसुद्धा या परक्याच्या हॉटेलपर्यंत नेली. पुढे वॉल्टला ते हॉटेल परत विकत घ्यायचं होतं, पण रॅदर कशाला देतोय? शेवटी वॉल्ट गेला, रॅदरही गेला, आणि १९८८ साली कंपनीने अख्खी रॅदर कॉर्पोरेशन विकत घेतली तेव्हा कुठे डिस्नेलँड हॉटेल डिस्नेचं झालं. नावातलं मालकीचं व्हायला तेहतीस वर्षं लागली.

पण रॅदर एकटाच नव्हता. पहिल्या वर्षात पार्कला ३६ लाखांच्या आसपास माणसं आली. हार्बर बुलेव्हार्ड आणि कटेला ॲव्हेन्यू या दोन रस्त्यांवरचे संत्र्याचे बागायतदार शहाणे झाले. (कटेला हे नाव एका शेतकऱ्याच्या केट आणि एला या दोन मुलींवरून पडलंय, उगाच एक माहिती.) झाडं तोडली आणि मोटेलं उभी राहिली. त्या काळात सगळ्यांना अवकाशाचं वेड होतं, आणि पार्कमध्ये 'टुमॉरोलँड' होतंच. मग अल स्टोवॉल नावाच्या मालकाने 'स्पेस एज लॉज', 'कॉस्मिक एज लॉज', 'इन ऑफ टुमॉरो' अशी मोटेलंच काढली. तिरकी छपरं, निऑनच्या तबकड्या, पोहण्याच्या तलावाशेजारी रॉकेट. आत खोली मात्र तीच: दोन पलंग, एक टीव्ही, दारात गाडी. १९६० च्या जनगणनेत ॲनाहाइमची वस्ती होती एक लाख चार हजार. दहा वर्षांत सातपट!

हे सगळं वॉल्टच्या नजरेसमोर होत होतं, आणि त्याचा जळफळाट होत होता. एक तर पार्क त्याचा आणि मोटेलांचा पैसा दुसऱ्यांचा. दुसरं म्हणजे आत त्याने एकेक दिवा निवडून लावलेला, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की निऑनची जत्रा. पण जमीनच नाही म्हटल्यावर करणार काय?

मग फ्लोरिडात त्याने ही चूक दुरुस्त केली, आणि अशी केली की बस्स. २२ नोव्हेंबर १९६३ ला (हो, केनेडींचा खून झाला तोच दिवस) त्याने विमानातून ऑर्लँडोजवळची दलदल पाहिली. पुढची दोन वर्षं खोट्या नावांच्या कंपन्यांमार्फत गुपचूप जमीन घेतली गेली. त्यातल्या एकीचं नाव 'आयफोर कॉर्पोरेशन', शेजारून जाणाऱ्या आय-४ हायवेवरून पाडलेलं! बऱ्याचशा जमिनीला एकराला दोनशे डॉलरसुद्धा पडले नाहीत. ऑक्टोबर १९६५ मध्ये तिथल्या वर्तमानपत्राने भांडं फोडलं, पण तोवर २७ हजार एकर खिशात पडले होते. म्हणजे साधारण ११० चौरस किलोमीटर. आपली कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतची मुंबई दीडदा बसेल एवढी जागा. १९६७ मध्ये राज्य सरकारने त्या जमिनीला जवळजवळ स्वतःच्या नगरपालिकेसारखे अधिकारही दिले. वॉल्ट त्याआधीच, डिसेंबर १९६६ मध्ये वारला. १ ऑक्टोबर १९७१ ला वॉल्ट डिस्ने वर्ल्ड उघडलं तेव्हा पहिल्या दिवसापासून आत कंपनीची स्वतःची दोन हॉटेलं होती, 'कंटेम्पररी' आणि 'पॉलिनेशियन'. कंटेम्पररीच्या तर पोटातून मोनोरेल जाते. रॅदरचा धडा चांगलाच लक्षात राहिला होता.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. मावसभावाच्या स्प्रेडशीटमधले आकडे आजचे असले तरी त्यांची मांडणी १९५५ ची आहे. ॲनाहाइमला स्वस्त खाट पार्कच्या दारात मिळते, कारण वॉल्टचे पैसे संपले होते. ऑर्लँडोला स्वस्त खाट काही मैल लांब, कारण तिथे त्याच्याकडे पैसे होते. फ्लोरिडात मोटेलं उगवली ती कुंपणाबाहेर, किसिमीच्या दिशेला, यूएस १९२ या रस्त्यावर. तिथून पार्कला चालत जाणं अशक्य, गाडी हवीच.

आणि आतली हॉटेलं वर्षानुवर्षं मध्यमवर्गाला परवडण्यासारखी नव्हती. १९८४ मध्ये मायकेल आयस्नर कंपनीचा प्रमुख झाला आणि त्याने हॉटेलांचा धडाका लावला. १९८८ मध्ये मधल्या किमतीचं 'कॅरिबियन बीच', आणि १९९४ मध्ये खरी स्वस्त 'ऑल-स्टार' हॉटेलं. एकेकात १,९२० खोल्या! नीट बघितलं तर ती मोटेलंच आहेत. दार बाहेरच्या व्हरांड्यात उघडतं, खोली लहान, आणि बाहेर चार मजली उंच फुटबॉलचं हेल्मेट नाहीतर बूट. म्हणजे वॉल्टला ज्याचा तिटकारा होता ते निऑनचं रॉकेट कंपनीने तीस वर्षांनी स्वतःच, जरा मोठं करून, कुंपणाच्या आत उभं केलं. :-)

इथपर्यंत सगळं मजेमजेचं आहे. पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती मला पुस्तकातून नाही, एका जिन्यावर कळली.

२००७ साली मी ऑरेंज काउंटीत एका क्लायंटकडे ऑनसाईट होतो. मार्चमधल्या एका शुक्रवारी आम्ही चौघांनी सुट्टी टाकली आणि गुरुवारी रात्रीच पार्कजवळच्या एका मोटेलात जाऊन पडलो. एक खोली, दोन पलंग, चार माणसं. पर डिएम वाचवायचा तर दुसरं काय करणार? काउंटरवर एक गुजराती काका होते. बरोबर राइस कुकर होता, आणि आमच्यातल्या एका बल्लवाचार्याने त्यातच जिरं-मोहरीची फोडणी टाकली. धुराचा अलार्म ठणाणा वाजायला लागला. आता हाकलतात म्हणून आम्ही घाबरलो. काका दारात आले, नाक वर करून वास घेतला, म्हणाले, "वघार?" आम्ही माना डोलावल्या. "खिडकी खोलो," म्हणाले आणि निघून गेले. थोड्या वेळाने लोणच्याची वाटी पाठवली.

अमेरिकेतली मोटेलं गुजराती लोकांकडे कशी गेली हाही मोठा इतिहास आहे. १९४० च्या दशकात कांजीभाई देसाई नावाच्या गृहस्थांनी कॅलिफोर्नियात छोटी हॉटेलं चालवायला घेतली आणि मागून येणाऱ्यांना तोच मार्ग दाखवला. १९६५ च्या नव्या इमिग्रेशन कायद्याने दार उघडलं. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं, त्यातले काही इकडे आले. आणि १९७३ च्या तेलसंकटात रस्त्यावरची गर्दी आटली तेव्हा जुनी मोटेलं स्वस्तात विकायला निघाली. घर आणि धंदा एकाच छपराखाली, नवरा काउंटरवर, बायको चादरी बदलणार, पोरं शाळेतून आल्यावर टॉवेल घड्या करणार. त्यांना विमा नाकारला जाई, बँका दारात उभं करत नसत, आणि शेजारचा मोटेलवाला 'अमेरिकन मालकीचं' अशी पाटी लावी. १९८९ साली या मंडळींनी आपली संघटना काढली. आज अमेरिकेतली निम्म्याहून जास्त हॉटेलं तिच्या सभासदांकडे आहेत असं ती संघटना सांगते. आपल्याला चाळीस डॉलर कमी पडतात त्यात असा कुणाचा तरी न पकडलेला पगार असतो.

तर जिना. शुक्रवारी सकाळी सातला मी कॉफी घ्यायला खाली निघालो, तर जिन्यावर एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा दप्तर मांडीवर घेऊन गणितं सोडवत बसला होता. मला वाटलं, हाही पार्कला आलेला. विचारलं, "आज डिस्नेलँड?" तो म्हणाला, "नाही, शाळा. बस यायचीय." ते कुटुंब पाच महिने त्या खोलीत राहत होतं. आईवडील दोघेही काम करत होते, पण नव्या घराचं डिपॉझिट काही जमत नव्हतं. मी विचारलं, पार्क पाहिलास का? तर म्हणाला, आतून नाही, पण रात्री आतषबाजी याच जिन्यावरून मस्त दिसते, तुम्ही नऊ वाजता इथे या.

आम्ही त्या रात्री आतून आतषबाजी पाहिली. मला ती धड दिसली नाही.

तो मुलगा अपवाद नव्हता हे नंतर कळलं. डिस्नेलँडभोवतीच्या मोटेलांत राहणाऱ्या अशा मुलांवर २०१० मध्ये एचबीओने अलेक्झांड्रा पेलोसी यांची डॉक्युमेंटरी दाखवली. २००८ च्या मंदीनंतर किसिमीच्या यूएस १९२ वरही हेच झालं. पर्यटक नवीन हॉटेलांकडे वळले, जुन्या मोटेलांत आठवड्याच्या भाड्याने कुटुंबं राहायला लागली. शॉन बेकरचा 'द फ्लोरिडा प्रोजेक्ट' हा २०१७ चा सिनेमा तिथल्याच एका खऱ्या, जांभळ्या रंगाच्या मोटेलात चित्रित झालाय. पाहिला नसेल तर जरूर पाहा. २०२० मध्ये कोविडच्या काळात कॅलिफोर्निया सरकारने 'प्रोजेक्ट होमकी' काढून मोटेलंच विकत घेऊन बेघरांसाठी घरं करायला सुरुवात केली. सव्वा डॉलरला एक रात्र म्हणून जन्माला आलेली गोष्ट शंभर वर्षांनी कायमचा पत्ता झाली.

म्हणजे मोटेलात राहू नये का? मला तसं अजिबात वाटत नाही. उलट आपण गेलो नाही तर त्या काकांचं आणखी अवघड होईल. फक्त 'बजेट' हा शब्द उच्चारताना तो कुणाकुणाच्या बजेटला लागून आहे एवढं माहीत असावं. निघताना चादरी काढणाऱ्या बाईसाठी पलंगावर चार डॉलर ठेवावेत. चौघांनी एका खोलीत राहून आम्ही तेही ठेवले नव्हते, हे आज लिहिताना लाज वाटतेय.

आता मावसभावाच्या स्प्रेडशीटकडे येऊ. मी त्याला लिहिलं ते असं.

तुझ्या अकरा कॉलममध्ये एक कॉलम नाही, तो म्हणजे मावशीचे गुडघे. पार्कमध्ये दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होतं. दुपारी एक ते चार ऊन आणि गर्दी. त्या वेळी खोलीवर येऊन तासभर आडवं होता आलं, तर संध्याकाळची परेड हसत बघतील. नाहीतर तीन वाजताच काका "चला आता" म्हणतील. पंधरा मैलांवरून हे होणार नाही. तिथल्या ट्रॅफिकमध्ये पंधरा मैल म्हणजे कधीकधी तास. शिवाय रोजचं पार्किंग तू धरलंच नाहीस. ॲनाहाइममध्ये खोलीच्या भाड्यावर १५ टक्के हॉटेल टॅक्स आहे, तोही नाही. आणि हार्बर बुलेव्हार्डवरची काही मोटेलं पार्कच्या दाराला डिस्नेच्या स्वतःच्या डिस्नेलँड हॉटेलपेक्षा जवळ आहेत, ही वॉल्टच्या रिकाम्या खिशाची कृपा. तिचा फायदा घे. तळमजल्याची खोली माग, फ्रिज आणि मायक्रोवेव्ह आहे का ते फोन करून विचार. उद्या ऑर्लँडोला गेलास तर मात्र हा सल्ला उलटा लागू होईल. तिथे आतल्या स्वस्त हॉटेलाचा आणि 'बाहेरची खोली अधिक गाडी अधिक पार्किंग' यांचा हिशेब शेजारी मांडून बघ.

संध्याकाळी त्याचा मेसेज आला. फॉर्म्युला दुरुस्त केल्यावर मधला पर्याय हिरवा झाला होता. तीन रात्री, तळमजला, रस्त्यापलीकडे. मी फोन करून एवढंच सांगितलं की पहिल्या रात्री आत जाऊ नकोस, थकलेले असाल. नऊच्या सुमारास मावशी-काकांना घेऊन मोटेलच्या जिन्यावर बस.

"दादा, तिथून दिसतं?" म्हणाला.

दिसतं. मला माहिती आहे.